हवाई शिपाई

हिंदी वायुदलाचा कायदा ८ ऑक्टोबर १९३२ रोजी अमलात आला. परंतु त्या कायद्याला हाडामांसाचे रूप आले ते १ एप्रिल १९३३ रोजी, कराचीजवळच्या ड्रिग रोडच्या तळावर. त्या दिवशी या नव्या दलाच्या दप्तरी जमेस धरलेली माणसे आणि सामग्री यांची मोजदाद एका पानाच्या आत आटोपण्यासारखी होती: वेस्टलँड कंपनीची चार वापिटी विमाने, इंग्लंडातील क्रॅनवेलच्या विद्यालयात शिकून आलेले पाच हिंदी वैमानिक, भांडाराचा कारभार पाहणारा सहावा अधिकारी, आणि एकोणीस हवाई शिपाई. वैमानिकांची नावे इतिहासाने जपली. त्यांतील भूपेंद्र सिंग आणि अमरजित सिंग हे दोघे पहिल्याच वर्षी विमान कोसळून मृत्यू पावले, त्याची नोंद आहे. सुब्रतो मुखर्जी पुढे १९५४ साली स्वतंत्र भारताच्या वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले, आणि त्यांच्या नावाने आजही शाळकरी मुलांच्या फुटबॉलच्या स्पर्धा भरतात. हवाई शिपायांच्या वाट्याला मात्र इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा नुसती संख्याच आली.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा या दलाची संख्या सुमारे साडेअठ्ठावीस हजारांवर गेली होती, आणि त्यांत अधिकारी होते सुमारे सोळाशे. याचा अर्थ असा की एका अधिकाऱ्यामागे सतरा माणसे अशी होती की ज्यांच्या छातीवर वैमानिकाचे पंख नव्हते, ज्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापली गेली नाहीत, आणि ज्यांच्या हातांना लागलेले तेल हीच ज्यांच्या पराक्रमाची एकमेव खूण होती. वैमानिकांच्या शौर्याबद्दल एक अक्षरही कमी न करता मला असे म्हणावयाचे आहे की, आपले वायुदल आपले झाले ते या माणसांमुळे. आणि ही गोष्ट ब्रह्मदेशातील १९४२ च्या मोहिमेइतकी स्पष्ट दुसरीकडे कोठेही दिसत नाही.

त्या मोहिमेकडे वळण्यापूर्वी या दलाच्या स्थापनेमागील राजकारण थोडक्यात ध्यानात घेतले पाहिजे. सैन्यातील अधिकारपदे हिंदी लोकांना खुली करावीत, या मागणीचा विचार करण्यासाठी सर अँड्र्यू स्कीन यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिच्यात पंडित मोतीलाल नेहरू होते, बॅरिस्टर जिना होते. तिच्या खटपटीतूनच हिंदी माणसाला विमान चालविण्याची सनद मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. तथापि सरकारी वर्तुळांतील शंका सरली नव्हती. हिंदी तरुण घोडा चालवील, कदाचित विमानही चालवील, परंतु ते विमान खोलून, साफ करून, पुन्हा जोडून, त्याच्या भरवशावर दुसऱ्या माणसाचा जीव सोपविण्याइतकी यंत्राची शिस्त त्याच्या अंगी नाही, असा समज फार खोलवर रुजलेला होता. आणि या समजाला उत्तर देण्याचे काम वैमानिकांच्या हाती नव्हतेच, ते होते हवाई शिपायांच्या हाती.

आरंभीच्या हवाई शिपायांत रेल्वेच्या कारखान्यांतून आलेली मुले बरीच होती. लेथ, रंधा आणि कानस यांवर हात बसलेली ही मंडळी ड्रिग रोडला आली आणि ब्रिटिश मिस्त्र्यांच्या देखरेखीखाली नवीन विद्या शिकू लागली. इंजिनाचा जबाबदार तो फिटर, सांगाड्याचा आणि पंखांचा जबाबदार तो रिगर, बंदुका आणि बाँब यांचा जबाबदार तो आर्मरर, अशी कामाची वाटणी असे. वापिटी हे विमान शिकाऊ हातांना एका अर्थी चांगलेच मानवण्यासारखे होते. ते दुपंखी होते, त्याच्या बऱ्याच भागांवर कापड ताणून बसविलेले असे, आणि पहिल्या महायुद्धातील जुन्या डी एच नाइन ए विमानांचे सुटे भाग गोदामांत पडून होते ते उपयोगात यावेत अशा बेताने त्याची आखणी केलेली होती. कापड फाटले की ते शिवून त्यावर ठिगळ चढवावे, त्यावर उग्र वासाचे रोगण फासून ते ढोलासारखे ताठ करावे, तारांचा ताण बोटांनी चाचपावा, ही कामे सिंधच्या उन्हात आणि पुढे सरहद्दीच्या थंडीत वर्षानुवर्षे करून या माणसांची बोटे तयार झाली.

त्यांच्या दिनक्रमातील एक गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. प्रत्येक विमानाची स्वतःची एक वही असे. तिला फॉर्म ७०० म्हणत, आणि आजही म्हणतात. उड्डाणापूर्वी फिटर इंजिन तपासून तिच्यात सही करी, रिगर सांगाडा आणि सुकाणूच्या तारा तपासून सही करी, आर्मरर बंदुकांची, बिनतारी यंत्रवाला आपल्या यंत्राची, आणि पेट्रोल व तेल किती भरले याचीही नोंद सहीनिशी होई. या सगळ्या सह्या उमटल्यानंतर वैमानिक तळाशी आपली सही करी आणि विमान ताब्यात घेई. विमान परत आले नाही तर ती वही प्रथम ताब्यात घेतली जाई, आणि कोणाच्या सहीखाली काय राहून गेले याचा तपास होई. प्रत्येक उड्डाणाला आपले नाव जामीन ठेवणारी ही माणसे होती, आणि तो जामीन ते दिवसातून कित्येक वेळा देत.

सरहद्दीवरील काळात हवाई शिपाई जमिनीवरच राहिला असेही नाही. वापिटीच्या मागल्या बैठकीवर उघड्या वाऱ्यात बंदूक घेऊन बसणारा माणूस पुष्कळदा त्यांच्यातलाच एक असे. वझिरिस्तानातील मोहिमांत मेहर सिंग या तरुण वैमानिकाचे विमान टोळीवाल्यांच्या गोळीबाराने शक्तू खोऱ्यात कोसळले, तेव्हा त्याच्याबरोबर गुलाम अली नावाचा त्याचा गनर होता. दोघेही त्या अवघड मुलखातून टोळ्यांची नजर चुकवीत आपल्या ठाण्यावर परत पोहोचले. मेहर सिंगांचे पुढचे चरित्र उज्ज्वल आहे आणि ते सर्वश्रुत आहे. गुलाम अली मात्र आपल्या इतिहासात त्या एका प्रसंगापुरताच उरला आहे.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा हिंदी वायुदलाजवळ लढाऊ तुकडी अशी एकच होती: पहिले स्क्वॉड्रन. बंदरांच्या रक्षणासाठी राखीव स्वयंसेवकांची छोटी पथके उभारण्यात आली आणि त्यांतील दुसरे पथक मुंबईस तैनात झाले; मुलकी विमानकंपन्यांतून आणि फ्लाइंग क्लबांतून आलेल्या माणसांनी जुनी वापिटी विमाने घेऊन समुद्रावर पहारा ठेवावा, अशी ती व्यवस्था होती. मुंबई इलाख्याचा याहून मोठा हातभार निराळाच होता. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंडाने पहिल्या स्क्वॉड्रनला पुरी बारा लायसँडर विमाने दिली, आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये पेशावर येथे ती रीतसर स्वाधीन करण्यात आली. पुढील तीन महिन्यांच्या आत ही विमाने रणांगणावर जाऊन पोहोचली.

या वेळी स्क्वॉड्रनचे नेतृत्व करुण कृष्ण मजुमदार यांच्याकडे होते. धिप्पाड देहयष्टीमुळे सारे त्यांना जंबो म्हणत. त्यांचे मातामह म्हणजे १८८५ साली मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी. ज्या घराण्याने राजकीय हक्कांची मागणी सनदशीर भाषेत प्रथम मांडली, त्याच घराण्यातील नातू इंग्रजी राज्याच्या गणवेशात जपान्यांशी लढत होता, आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्याच मुंबईत गवालिया टँकच्या मैदानावरून इंग्रजांना चालते होण्याची आज्ञा होणार होती. या विसंगतीवरून कित्येकांनी त्या सैनिकांना दोष दिला आहे. मला तो दोष न्याय्य वाटत नाही. पारतंत्र्यातील माणसाला विद्या मिळविण्यासाठी पारक्याच्याच शाळेत जावे लागते; तेथे त्याने मन लावून काय मिळविले आणि पुढे ते कोणाच्या कामी लावले, यावरून त्याचा न्याय केला पाहिजे.

१ फेब्रुवारी १९४२ रोजी पहिले स्क्वॉड्रन ब्रह्मदेशात तौंगू येथे दाखल झाले. दुसऱ्याच दिवशी जपानी बाँबफेक्या विमानांनी तो तळ झोडपला. मजुमदारांच्या विमानांना त्यातून फारशी इजा पोहोचली नाही, कारण ती एका रांगेत उभी न ठेवता दूरदूर पांगवून, झाडीच्या आडोशाने ठेवलेली होती. युद्धाच्या कथांत हे एक वाक्य वाचून आपण पुढे जातो. पण अशी पांगापांग म्हणजे दिवसभराच्या प्रवासानंतर एकेक जडशीळ विमान हातांनी ढकलीत धावपट्टीपासून दूर नेणे, त्यावर फांद्या आणि जाळी पसरणे, आणि दुसऱ्या दिवशी पेट्रोलचे डबे, बाँब, हत्यारांच्या पेट्या हे सर्व एका विमानाकडून दुसऱ्याकडे तेवढ्याच लांबवर वाहून नेणे. पेट्रोल डब्यांतून आलेले असले की त्यात पाणी आणि गंज असण्याचा संभव असतो, म्हणून ते मऊ कातड्यातून गाळून टाकीत भरावे लागते, आणि तेही डोक्यावर शत्रूची विमाने केव्हा येतील याचा नेम नसताना.

लायसँडर हे विमान मुळात बाँब टाकण्यासाठी केलेलेच नव्हते. सैन्याच्या डोक्यावरून हळूहळू उडावे, शत्रूच्या हालचाली न्याहाळाव्यात, तोफखान्याला अंतर कळवावे, आणि कसल्याही शेतवडीत अल्प जागेत उतरावे, यासाठी ते बनविलेले होते. त्याचे पंख बैठकीच्या वर असत, पुढे नऊ सिलिंडरांचे इंजिन असे, आणि चाके पोटात न घेता बाहेरच, जाड आवरणात, राहत. त्या आवरणांना बाहेरून दोन आखूड पंखुड्या जोडता येत आणि त्यांखाली वजन टांगता येई. तौंगूच्या हल्ल्याला प्रत्युत्तर द्यावयाचे मजुमदारांनी ठरविले, तेव्हा अडीचशे पौंडी दोन बाँब त्या पंखुड्यांखाली चढविण्यात आले. ३ फेब्रुवारीला मजुमदार स्वतः एकच लायसँडर घेऊन सयामच्या हद्दीतील मे हाँग सोन येथील जपानी तळावर चालून गेले; संरक्षणाला न्यूझीलंडच्या वैमानिकांची दोन बफेलो विमाने होती. अगदी खालून उडत त्यांनी आपले बाँब टाकले आणि ते सुखरूप परतले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागोमाग स्क्वॉड्रनमधील इतर लायसँडर त्याच वाटेने गेली.

या प्रसंगाचे वर्णन करताना मजुमदारांचे धैर्य सांगितले जाते, आणि ते सांगितलेच पाहिजे. टेहळणीचे संथ विमान घेऊन शत्रूच्या तळावर झडप घालण्याला जे काळीज लागते ते थोड्यांच्या अंगी असते. परंतु त्याच तुकडीत हरजिंदर सिंग नावाचा एक वॉरंट ऑफिसर होता. लाहोरच्या मॅक्लॅगन कॉलेजात अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केल्यावर त्याला कोठेही चांगल्या पगाराची जागा मिळाली असती. ती सोडून तो हवाई शिपाई म्हणून, म्हणजे सर्वांत खालच्या हुद्द्यावर, या दलात शिरला. शिकलेल्या माणसाने हाताने काम करणे हलके समजणाऱ्या आपल्या समाजात हे पाऊल किती असामान्य होते ते निराळे सांगावयास नको. तो या दलातील पहिला भारतीय वॉरंट ऑफिसर झाला, आणि ब्रह्मदेशात त्या बारा विमानांची सारी यंत्रव्यवस्था त्याच्या हाताखाली चालत होती. सुटे भाग हिंदुस्थानातून येण्याची आशा नव्हती. जे मोडेल ते जागेवरच दुरुस्त करावयाचे किंवा दुसऱ्या मोडलेल्या विमानाचे काढून लावावयाचे, एवढाच मार्ग उरला होता.

पुढले दिवस सतत माघारीचे होते. तौंगू, लाशिओ, रंगूनजवळचे मिंगलाडोन, आणि शेवटी इरावतीच्या काठचे मागवे, अशा तळांवरून ही विमाने उडत राहिली. ८ मार्चला रंगून पडले. २१ मार्चपासून मागवेच्या तळावर जपान्यांनी असा भयंकर मारा केला की ब्रह्मदेशातील मित्रराष्ट्रांचे हवाई बळ जवळजवळ संपुष्टात आले. पहिल्या स्क्वॉड्रनने आपल्या मोहिमेचा शेवट करून मार्चमध्ये स्वदेशाची वाट धरली. मजुमदारांना डी एफ सी हे पदक मिळाले. हरजिंदर सिंग यांना एम बी ई हा किताब देण्यात आला आणि त्याच वर्षी ते अधिकारी झाले. यंत्राची शिस्त हिंदी माणसाला जमेल की नाही, या जुन्या शंकेचे उत्तर समित्यांच्या अहवालांतून मिळणे शक्य नव्हते. ते या पळापळीच्या दोन महिन्यांत मिळाले.

दोन वर्षांनी हेच स्क्वॉड्रन, आता हरिकेन विमाने घेऊन आणि अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली, इंफाळच्या खोऱ्यात उभे होते. २९ मार्च १९४४ रोजी जपान्यांनी कोहिमाकडून येणारा रस्ता तोडला, आणि २२ जूनपर्यंत तो मोकळा झाला नाही. त्या जवळजवळ तीन महिन्यांत सैन्याला लागणारे धान्य, दारूगोळा, पेट्रोल, औषधे हे सर्व विमानानेच आत येत होते, आणि जखमी विमानानेच बाहेर जात होते. शिधा कमी केला गेला. त्याच कमी शिध्यावर, मणिपूरच्या पावसात, चिखलात रुतलेली चाके बाहेर काढीत, बांबूच्या झोपड्यांतून राहत, यंत्रशाळेतील माणसे रोज पहाटे टेहळणीला जाणारी विमाने तयार ठेवीत. पावसाळी हवेत विजेच्या तारांवर बुरशी चढते, बंदुकांच्या नळ्यांना एका रात्रीत गंज येतो, आणि इंजिनाचे भाग उघड्यावर खोलायचे तर वर ताडपत्री धरून ठेवण्यालाच दोन माणसे लागतात. अर्जन सिंगांच्या छातीवर लॉर्ड माउंटबॅटन यांनी इंफाळलाच पदक लावले. सुमारे चौदा महिने ते स्क्वॉड्रन त्या आघाडीवर होते. एवढा काळ विमाने उडत राहिली, यातच तळावरील माणसांची प्रशस्ती आली.

युद्ध संपता संपता मजुमदार मात्र गेले. नॉर्मंडीच्या आघाडीवर टेहळणी करून, दुसऱ्यांदा डी एफ सी मिळवून ते परत आले होते. १७ फेब्रुवारी १९४५ रोजी लाहोर येथे हवाई कसरतीचे उड्डाण करताना हरिकेन कोसळून त्यांचा अंत झाला. १९४७ साली फाळणी झाली तेव्हा ड्रिग रोड, पेशावर, कोहाट, मीरनशाह, रिसालपूर, म्हणजे या दलाचे बालपण आणि तारुण्य जेथे गेले ते जवळजवळ सर्व तळ पाकिस्तानात राहिले. पहिले स्क्वॉड्रन मोडले. त्या क्रमांकाची तुकडी भारतात पुन्हा उभी राहिली ती १९५३ मध्ये. एकाच विमानाच्या वहीत एकाखाली एक सह्या करणारे मित्र दोन राष्ट्रांत विभागले गेले.

फाळणीनंतर दोन-अडीच महिन्यांतच या माणसांची परीक्षा झाली. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे दिल्लीहून शीख पलटणीची पहिली तुकडी घेऊन डकोटा विमाने श्रीनगरकडे निघाली, आणि त्या दिवसापासून मुलकी कंपन्यांच्या व वायुदलाच्या डकोटांची ये-जा अखंड सुरू झाली. मेहर सिंग यांनी २४ मे १९४८ रोजी जनरल थिमय्यांना घेऊन दहा हजार फुटांहून अधिक उंचीवरील लेहच्या वाळवंटी पट्टीवर डकोटा उतरविला, हा पराक्रम आपण अभिमानाने सांगतो. त्या डकोटाची इंजिने त्या विरळ हवेत दगा देणार नाहीत, ही खात्री कोणी तरी सही करून दिलेली होती, हेही त्याच अभिमानाने सांगितले पाहिजे.

मला सर्वांत अधिक विलक्षण वाटते ती लिबरेटरांची हकिकत. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरच्या तळावर चार इंजिनांची, बाँब टाकणारी अमेरिकन लिबरेटर विमाने मोडीत काढलेली पडून होती. ती पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून जाणाऱ्यांनी त्यांची मोडतोड करून ठेवली होती. नव्या सरकारजवळ जड बाँबफेकी विमाने विकत घेण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा कानपूरला त्या सांगाड्यांची जेमतेम उडण्यापुरती डागडुजी करण्यात आली, हिंदुस्तान एअरक्राफ्टचे जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती एकामागून एक बंगळूरला उडवीत नेली, आणि तेथील कारखान्यात भारतीय कारागिरांनी ती पुनः नव्यासारखी केली. अशी चाळीसांहून अधिक विमाने उभी राहिली. १९४८ च्या अखेरीस त्यांची तुकडी सिद्ध झाली आणि १९६८ पर्यंत ती आपल्या सेवेत होती. पुढे ब्रिटनच्या वायुदल संग्रहालयाला आपल्या संग्रहासाठी लिबरेटर मिळाले ते भारताकडून. हवाई शिपायांच्या पहिल्या पिढीने ड्रिग रोडला जी विद्या आत्मसात केली तिचा हा हिशेब आहे, आणि तो जमेच्या बाजूला पडतो.

हरजिंदर सिंग एअर व्हाइस मार्शलच्या हुद्द्यापर्यंत चढले, कानपूरला दुरुस्ती-देखभालीच्या कमांडचे प्रमुख झाले, आणि १९६१ मध्ये त्याच कानपुरात भारतात बनलेले पहिले अ‍ॅव्हरो विमान त्यांच्या देखरेखीखाली आकाशात गेले; त्याचे नाव सुब्रतो ठेवण्यात आले. त्या कमांडचे मुख्यालय आज नागपुरात आहे. परंतु हरजिंदर सिंगांसारखा एखादाच इतिहासात येतो. त्यांच्या बरोबरीने काम केलेली बाकीची मंडळी निवृत्त होऊन आपापल्या गावी गेली, कोणी गिरणीत, कोणी एस टी च्या डेपोत, कोणी रेल्वेच्या कारखान्यात परत कामाला लागली, आणि घरच्यांनाही त्यांनी फारसे काही सांगितले नाही.

अशी माणसे महाराष्ट्रातल्याही घराघरांतून झाली, आणि त्यांच्या नोकरीची पुस्तके, मिळालेली पदके, वर्कशॉपसमोर घोळक्याने उभे राहून काढलेली छायाचित्रे ट्रंकांच्या तळाशी आजही असतील. ज्यांच्या आजोबांनी वायुदलात फिटर, रिगर किंवा आर्मरर म्हणून काम केले असेल त्यांनी ते कागद बाहेर काढावेत, हुद्दा आणि क्रमांक वाचावा, कोणत्या तळावर आणि कोणत्या विमानावर काम केले ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे, छायाचित्राच्या मागे प्रत्येकाचे नाव घालावे, आणि त्याची एक प्रत जिल्ह्याच्या ग्रंथालयात द्यावी. हे काम आजच्या पिढीने केले नाही तर पुढच्या पिढीला ते करणे शक्य होणार नाही, कारण त्या छायाचित्रांतील चेहरे ओळखणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.